शाळेची टाकी पावसाआधी उपसा

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी भरते. ऊन जरा कमी होऊ दे म्हणून बाकी महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा. अमरावती-अकोल्याच्या उन्हात हा निर्णय शहाणपणाचाच आहे. मेळघाटात मात्र त्यामुळे एक वाईट योग जुळून येतो. शाळेची पहिली घंटा आणि वर्षातलं सगळ्यात घाण पाणी, दोन्ही एकाच सुमारास येतात.

मे महिन्यात सेमाडोहला सिपनेच्या काठी उभं राहा. नदी म्हणजे खडकांमध्ये मागं राहिलेले डोह, आणि डोह तर गावाच्या नावातच आहे. उन्हाळाभर उतारावर जे पडून राहतं, शेण, पाला, माणसांची घाण, ते मृगाच्या पहिल्या दोन-चार सरींत नाल्यात उतरतं आणि नाल्यातून विहिरीत. याच काळात डोंगरातल्या शाळांना कुलूप असतं. टाकीच्या तळाशी वीतभर पाणी साचलेलं, झाकण वानरांनी कधीच सरकवलेलं. जूनच्या अखेरीस कुलूप निघतं, कुणीतरी मोटर सुरू करतं आणि पहिलीतलं पोर नळाखाली ओंजळ धरतं.

त्या ओंजळीआधी टाकी उपसली गेली पाहिजे, घासली गेली पाहिजे, आणि त्यातल्या पाण्याची तपासणी झाली पाहिजे. माझं मागणं एवढंच आहे. ते सेमाडोहच्या ग्रामसभेकडं आहे, चिखलदरा-धारणीतल्या प्रत्येक पाड्याकडं आहे, आणि वर्षातून एकदा वाघ बघायला तिथं जाणाऱ्या तुमच्या-माझ्याकडंही आहे.

हे मागणं किरकोळ वाटत असेल तर जुलै 2022 आठवा. याच चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलरा पसरला. वीजबिल थकलं म्हणून पाणीयोजनेची वीज तोडलेली होती. नळ कोरडे पडले, लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी आणलं आणि घराघरात हगवण-उलट्या सुरू झाल्या. माणसं गेली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात खडीमलच्या विहिरीत टँकरचं पाणी ओततानाची आणि खाली ते भरून घ्यायला बायापोरांची उडालेली झुंबड दाखवणारी दृश्यं देशभर फिरली. ती बघून आपण हळहळलो. पण विहिरीत ओतलेलं ते पाणी नंतर कोण, कसं पितं, हे विचारायचं आपण विसरलो.

मेळघाटात पाऊस कमी नाही. चिखलदऱ्याचा पाऊस खालच्या वऱ्हाडाच्या जवळपास दुप्पट. पण काळा खडक आणि उभा उतार, त्यामुळे पडलेलं पाणी तापीकडं धावतं आणि गावाच्या वाट्याला गाळ राहतो. कोरकू बोलीत पाण्याला ‘डा’ म्हणतात. एवढ्याशा शब्दासाठी बायकांना किती चालावं लागतं, ते एप्रिलमध्ये जाऊन बघावं.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगतो, कारण चांगल्या मनाची माणसं इथंच चुकतात. शाळेला पाणी द्यायचं म्हटलं की शहरातला दाता आरओ मशीन घेऊन येतो. फोटो निघतो, पाटी लागते. दर्यापूर, मूर्तिजापूर भागातल्या खारपाणपट्ट्यात हे मशीन समजू शकतो. तिथं पाण्यातच क्षार आहेत, ते काढायला दुसरा सोपा उपाय नाही. डोंगरातल्या पाण्याचं दुखणं वेगळं. ते खारट नाही, त्यात जंतू आहेत. शिवाय आरओला अखंड वीज लागते, ठरावीक काळानं नवी मेम्ब्रेन लागते, आणि ते बरंच पाणी बाहेर टाकून देतं. आधीच हंडा-हंडा जपणाऱ्या गावात हा उपद्व्याप कशाला? एका शाळेत मी असं मशीन पाहिलं. त्यावर खडूचे डबे ठेवले होते. गुरुजींनी ओशाळून सांगितलं, ‘लाईनच नसते, साहेब.’

जंतूंवरचा उपाय फार स्वस्त आहे. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा एक चमचा. ती बादलीत कालवायची, निवळू द्यायची, वरचं निवळ टाकीत ओतायचं आणि अर्धा तास नळाला हात लावायचा नाही. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्यायचा, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. पावडर उघड्या पोत्यात ठेवली की तिचा जोर जातो. म्हणून शेवटी ओटी चाचणी हवीच. नमुन्यात थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. सातवीतल्या मुलीला हे पाच मिनिटांत शिकवता येतं. ती ते विसरतही नाही.

हे काम करायला माणूसही नेमलेला असतो. ग्रामपंचायतीकडं जलसुरक्षक असतो. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं, हे ग्रामसभेत कुणी विचारतं का? विचारा. आणि त्या पाहणीत शाळेची टाकी होती का, हेही त्याच दमात विचारा.

पाण्याइतकीच हवाही शाळेत घशाखाली जाते, तिच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. जिथं पोषण आहाराची खिचडी अजून लाकडावर शिजते, तिथं जुलैत काय होतं ते स्वयंपाकी ताईंना विचारा. लाकूड ओलं, शेड वर्गाच्या भिंतीला चिकटून, पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद. धूर कौलांखाली साठतो आणि त्यात पोरं डोळे चोळत पाढे म्हणतात. ताई तर सगळा वेळ त्यातच उभ्या. घरातल्या चुलींच्या अशा धुरानं 2020 साली जगात 32 लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गॅस मिळाला तर उत्तमच, पण सिलेंडर घाट चढून येईपर्यंत खिचडी थांबत नाही. तोवर चूल वर्गापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला न्या, वर धुराडं काढा आणि मे महिन्यातच लाकूड छपराखाली रचून ठेवा. वर्ग झाडण्याआधी पाणी शिंपडा, आजीच्या हातचा सडा असायचा तसा. मोहाच्या दिवसांत फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, त्याचा धूर सकाळच्या शाळेत येतो. त्याची चर्चा गावानं आपसांतच करावी. बाहेरून जाऊन उपदेश करायची ती जागा नाही.

शाळेतलं स्वच्छ पाणी कुणाकडं भीक म्हणून मागायचं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच सुरक्षित पिण्याचं पाणी लिहिलेलं आहे. 2 ऑक्टोबर 2020 पासून शंभर दिवसांत शाळा, अंगणवाड्या आणि आश्रमशाळांना नळ द्यायची मोहीम जलजीवन मिशननं काढली होती. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतीच्या निधीतले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिले. मेळघाट अनुसूचित क्षेत्र असल्यानं पेसाचा पाच टक्के निधीही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया असतात. म्हणजे कायदा आहे, पैसा आहे, समिती आहे. टाकीत उतरून घासणारा हात तेवढा नाही.

गाडगेबाबा 1876 मध्ये जन्मले ते शेंडगावात, सातपुड्याच्या पायथ्याला अंजनगाव सुर्जीजवळ. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान 2000 सालापासून भिंतीभिंतीवर रंगवलेलं आहे. आपण डिसेंबरात पुण्यतिथीला त्यांच्या तसबिरीला हार घालतो. टाकी जूनमध्ये घाण होते.

तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला एक रविवार ठरवा. होळीनंतर कामाला बाहेर गेलेली कोरकू कुटुंबं पेरणीसाठी तोवर परतू लागलेली असतात. अमरावती-परतवाड्याच्या कॉलेजांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांनी हिवाळी शिबिराइतकाच उत्साह या रविवारी दाखवावा. पालकांनी घमेली-खराटे आणावेत, जलसुरक्षकानं पावडर आणावी. आणि पर्यटकहो, सेमाडोहला उतरल्यावर आपण आधी सीलबंद बाटली मागतो. या खेपेला बाटलीबरोबर पाणी तपासायच्या एचटूएस कुप्यांचं एक पाकीट आणून शाळेत द्या.

कुपीत खुणेपर्यंत शाळेच्या नळाचं पाणी भरायचं, बूच लावायचं, तारीख लिहायची आणि मुलांना दिसेल अशा फळीवर ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्याच दिवशी नळ बंद, घरोघरी उकळलेलं पाणी, आणि काळी कुपी हातात घेऊन आईबापांनी थेट ग्रामपंचायतीच्या दारात.