जंतूंचे नवे सोवळे

शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठी मुले दाराच्या कडीवर, नाण्यावर, दूरध्वनीवर कापसाचा बोळा फिरवितात, तो अगराच्या बशीवर टेकवितात, आणि दोन दिवसांनी उगवलेले ठिपके मोजून अमुक वस्तू अधिक गलिच्छ असा निकाल देतात. मुलांच्या या उद्योगाशी आमचे भांडण नाही. तो त्यांनी अवश्य करावा. आमचे भांडण आहे ते त्या निकालावर मान डोलावणाऱ्या वडीलधाऱ्यांशी.

ठिपके जितके अधिक तितकी घाण अधिक, हे समीकरणच लंगडे आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहा. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे असल्याचे दाखविले. संपूर्ण सरोवर रंगविणारे हे जीव शाळेतल्या साध्या बशीवर उगवलेच नसते, कारण त्यांना मीठ भरपूर लागते. काविळीचे विषाणू तर तिच्यावर कधीच उगवत नाहीत. बशी आपल्याजवळचे अन्न ज्यांना रुचते तेवढ्यांचीच हजेरी घेते. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, आणि गैरहजर असलेले कित्येक घातक. म्हणूनच पाण्याची परीक्षा करणारे जाणते लोक सरसकट जंतू मोजून थांबत नाहीत. विष्ठेतून येणारा ई-कोलाय त्यात आहे की नाही, हे ते मुख्यतः पाहतात. जंतू किती, यापेक्षा तो कोठून आला आणि कोणाच्या तोंडात जाणार, हा खरा प्रश्न होय.

परंतु हा प्रश्न आम्हां सुशिक्षितांस अडचणीचा वाटतो. कित्येक घरांत मोलकरणीचा चहाचा कप आजही वेगळा, खिडकीत पालथा ठेवलेला असतो. पूर्वी त्याला विटाळ म्हणत; आता ‘जंतुसंसर्ग’ म्हणतात. शब्द बदलला, कप तेथेच आहे! आणि गंमत ही, की तीच बाई त्याच हातांनी घरातली सारी भांडी घासते, तेव्हा मात्र जंतूंची आठवण कोणास होत नाही.

१८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सुइणींच्या कक्षापेक्षा डॉक्टरांच्या कक्षात बाळंतिणी अधिक मरत. शवविच्छेदन करून थेट प्रसूतीकडे येणाऱ्या पदवीधरांचे हात मृत्यू वाहून आणीत होते. इग्नाझ सेमेल्वाइस याने ते हात क्लोरीनच्या द्रावणाने धुवावयास लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. कोणत्याही बशीवर ठिपके मोजण्याची त्याला गरज पडली नाही. त्याच्यावर रुष्ट झाले ते अर्थात पदवीधरच.

तेव्हा खामगाव-चिखलीच्या आमच्या वाचकांनी बोळा फिरवावयाचाच असेल, तर तो आधी आपल्या ओट्यावरील ओलसर फडक्यावर फिरवावा. चार-चार दिवस न उकळलेले ते फडके कडीहून कितीतरी अधिक समृद्ध निघेल. नंतर माठाकडे वळावे. ओगराळे बाजूस ठेवून पेला बुडविणारी बोटे घरातीलच असतात. एवढे झाल्यावर मोलकरणीच्या कपाकडे जावयास हरकत नाही. मात्र जाता जाता न्हाणीघरात डोकावून पाहावे, की हात धुण्यासाठी तिला साबण आणि नळ मोकळा आहे, की तोही वेगळा ठेवला आहे.