पाळी संपली तरी न बसणारी धूळ

आज १ मे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन आपण एकत्र साजरे करतो. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, सावनेरच्या कोळसापट्ट्यात या तारखेची आणखी एक ओळख आहे. १९७३ साली याच दिवशी देशातल्या कोकिंगेतर कोळशाच्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या. मालक बदलला, पण भुयारी खाणीत कामगाराच्या छातीत उतरणाऱ्या धुळीचा प्रश्न मालक बदलून सुटणारा नव्हता. तो मायक्रॉनमध्ये मोजावा लागतो, आणि खाणीबाहेर या मापाविषयी फारसे कोणी बोलत नाही.

पाळी संपवून वर येणाऱ्याच्या पापण्यांच्या कडांना कोळसा बसलेला असतो. पाहणाऱ्याला वाटते, हीच ती घातक धूळ. फुफ्फुसाच्या दृष्टीने मात्र ती कमी धोक्याची. शंभर मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपासचा कण यंत्राच्या दातांखालून उडाला की काही सेकंदांत खाली बसतो. दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला सुमारे सहा मिनिटे घेतो. श्वासाबरोबर आत गेला तरी बहुधा नाकाघशात अडकतो आणि काळ्या बेडक्यातून बाहेर पडतो. एका मायक्रॉनच्या कणाला तेवढेच अंतर उतरायला आठ-नऊ तास लागतात. म्हणजे अख्खी पाळी! त्यातच खाणीतली हवा पंख्यांनी सतत खेळती ठेवलेली, त्यामुळे तो खाली बसतच नाही. पाण्याच्या फवाऱ्यातूनही तो निसटतो, कारण मोठ्या थेंबाला वळसा घालणाऱ्या हवेबरोबर तोही बाजूला सरकतो. तोंडाला बांधलेला दुपट्टा त्याला अडवू शकत नाही.

(जाडसर धुळीचे भय वेगळे. १९०६ मध्ये फ्रान्समधल्या कूरिएरच्या खाणीत कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन १,०९९ माणसे गेली. खाणीतल्या वाटांवर चुनखडीची भुकटी पसरतात ती अशाच स्फोटांच्या धास्तीने.)

चार मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या पेशी त्यांना गिळतात, पण कोळसा त्यांना पचत नाही. कणांत सिलिका असेल तर त्या पेशीच मरतात. त्या जागी व्रण धरत जातो आणि माणसाला जिना चढताना दम लागू लागतो.

हे ज्ञान सहज हाती आलेले नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजत. १९५३ पासून तिथल्या राष्ट्रीय कोळसा मंडळाने २५ खाणींतल्या कामगारांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा दिसले की कणांच्या संख्येपेक्षा फुफ्फुसात खोल जाणाऱ्या बारीक धुळीचे वजन रोगाचा अंदाज नेमका देते. अमेरिकेने १९६९ च्या कायद्याने या धुळीवर मर्यादा घातली. २०१६ पासून ती घनमीटरमागे दीड मिलिग्रॅम आहे. तरीही २०१८ मध्ये व्हर्जिनियातल्या अवघ्या तीन दवाखान्यांच्या नोंदींत या रोगाच्या सर्वांत गंभीर अवस्थेतले ४१६ खाणकामगार आढळले. तिथले जाड थर संपत आले आहेत. पातळ थरातला कोळसा काढताना वरखालचा खडक कापावा लागतो आणि खडकातली सिलिका हवेत मिसळते. धुळीचे एकूण वजन मर्यादेत बसले, तरी त्या वजनात काय आहे हे पाहावेच लागते.

आपल्याकडे धुळीमुळे होणारा हा फुफ्फुसाचा रोग, म्हणजे न्यूमोकोनिओसिस, कायद्याने कळवणे बंधनकारक आहे. नागपूरची राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्था २०१९ मध्ये अहमदाबादच्या संस्थेत विलीन झाली; तिच्याकडचा अनुभव विदर्भाच्या खाणींना पूर्वीइतक्याच सहजतेने मिळत राहिला पाहिजे. कंबरेला लावायचे आणि पाळी चालू असतानाच धुळीचा आकडा दाखवणारे यंत्र अमेरिकेतले खाणकामगार वापरतात. ते आपल्या भुयारी खाणीत यंत्र चालवणाऱ्याच्या आणि छताला बोल्ट ठोकणाऱ्याच्या अंगावर का नसावे? त्याचा आकडा, आणि सिलिकेचा वेगळा, हजेरीच्या जागी मराठी-हिंदीत लावला जावा. ज्याच्या छातीत ती धूळ जाते त्यालाच तो आकडा ठाऊक नसावा, हे आम्हाला मान्य नाही.

कामगार संघटनांनी पुढच्या वेतन करारात आणखी एक कलम पगाराच्या कलमांइतक्याच आग्रहाने लावून धरावे: ठेकेदाराकडे काम करून गेलेल्यांसह प्रत्येक खाणकामगाराची छातीची तपासणी, काम सुटल्यानंतरही, मोफत. हा रोग खाण सोडल्यावरही वाढत राहतो आणि कित्येकदा त्यानंतरच उघडा पडतो.