ऊसतोड बायांच्या हाडांचा हिशेब कोण देणार?

हाडे ठिसूळ होतात त्या ऑस्टिओपोरोसिसवर पेपरात लेख येतात. उन्हात फिरा, व्यायाम करा, दूध प्या. आमचा प्रश्न आहे, हा सल्ला कोणासाठी? बीडची ऊसतोड बाई पहाटेपासून फडात असते. ऊन तिला नको इतके मिळते. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ती ट्रकच्या फळीवर चढते. मग तिची हाडे धोक्यात का?

हाड जिवंत असते. जुने झिजते, नवे भरते. साधारण तिशीपर्यंत जेवढी भर पडते, तेवढीच आयुष्याची शिल्लक. पुढे इस्ट्रोजेन हे संप्रेरक बाईची हाडे राखते. पाळी गेली की ते घटते आणि झीज वाढते. गर्भपिशवीसोबत अंडाशयही काढले, तर तरुणपणीच ते एकदम घटते. नुसती पिशवी काढली तरी अंडाशयाचे काम लवकर थांबण्याची शक्यता वाढते.

२०१९ साली राज्य शासनाच्या समितीच्या पाहणीत बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. डोक्यावर मुकादमाची उचल, खाडा पडला की दंड, फडावर ना संडास ना पाणी. पाळीच्या त्रासावर उपचार घ्यायला सवडच नाही, म्हणून पिशवी जाते. पुढे हाडांचे काय होईल, हे तिला कोण सांगते? या बाया दलित, बंजारा, वंजारी आहेत, भूमिहीन आहेत. म्हणून त्यांची झीज कोणाच्या हिशेबात येत नाही.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली. कामगार बाईच्या शरीराची जबाबदारी तिच्या एकटीची नाही, हीच ती भूमिका. तीच आज पुढे न्यायची आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईची जिल्हा रुग्णालयात मोफत डेक्सा तपासणी आणि उपचार व्हावेत. आजारपणाचा खाडा दंडाविना माफ व्हावा. रेशनवर नाचणी मिळावी. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात ते नावालाच.

आणि बायांनो, ऑपरेशनचा कागद जपून ठेवा. अंडाशय काढले की ठेवले, हे डॉक्टरला विचारा. साध्या पडण्याने मनगट मोडले, पाठीला बाक आला, उंची घटली, तर वय झाले म्हणून गप्प बसू नका. तपासणी मागा. तो आपला हक्क आहे.

जय भीम!