पैसा वसूल? अजिबात नाही!

मागच्या डिसेंबरात आमची गँग पुण्यातल्या एका क्राफ्ट बिअर फेस्टिव्हलला गेली होती. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून पहिल्या तासातच प्रत्येकाने तीन-तीन मोठे ग्लास रिचवले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, कोणती आवडली? एकालाही नाव सांगता येईना. मग गेलो कशाला होतो?

‘पैसा वसूल’चा हिशेब इथे चालतच नाही, असं माझं स्पष्ट मत. नुसतीच प्यायची तर कोपऱ्यावरच्या बारमध्ये स्वस्तात मिळते. इथे जायचं ते चवीसाठी. छोटे टेस्टर घ्या. सुरुवात गव्हाच्या हलक्या बिअरने करा. हेफेवायझनला चक्क केळं आणि लवंगेचा वास येतो. आत ना केळं, ना लवंग. सगळी यीस्टची करामत! कडवट आयपीए आणि भाजक्या माल्टची, कॉफीची आठवण करून देणारी स्टाउट शेवटी. आयपीए आधी घेतली, तर नंतरची गव्हाची बिचारी पाण्यासारखी लागते. गर्दी व्हायच्या आत पोहोचा आणि ब्रूअरशी बोला. हॉप्स कुठले वापरलेत, एवढं विचारलं तरी गडी खुलतो.

मधेमधे पाणी प्या, पोटात काहीतरी असू द्या. नाही आवडली तर सरळ ओतून द्या, लाजायचं काय त्यात? आणि हो, महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 लागतं; गेटवर हुज्जत नको. बाइकची चावी घरीच. ‘अरे, दोनच घेतल्यात’ म्हणणारा एक जण प्रत्येक गँगमध्ये असतो. आमच्यातल्या त्याची कॅबमधली सीट यंदा आम्ही आधीच धरून ठेवलीय.