ओटा आणि पाचवा मजला

परभणीत वसमत रोड, जिंतूर रोडच्या कडेने आता अपार्टमेंट उभी राहत आहेत. 2011 साली महापालिका झालेल्या, त्याच वर्षीच्या जनगणनेत तीन लाखांवर लोकसंख्या भरलेल्या या शहराने वर जायला हरकत नाही. पिकाच्या काळ्या रानात प्लॉट पाडत पसरण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

प्रश्न तळमजल्याचा आहे.

जुन्या वस्तीत माळवदाच्या घरांना रस्त्याकडे तोंड करून ओटा असे. जाड मातीच्या भिंती ऊन अडवत आणि ओट्यावर शेंगा फोडत बसलेली आजी गल्लीतल्या पोरांवर नजर ठेवी. दुसऱ्या मजल्यावरूनही दोरीला पिशवी बांधून खाली सोडता येते, भाजीवाल्याशी घासाघीस करता येते. पाचव्याच्या वर रस्त्याशी हे नाते तुटते, असे डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांनी शहरांच्या निरीक्षणातून मांडले आहे.

इथली जमीनही अवघड. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया वरच्या थरावर ठेवला तर भिंती तडकतात. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा काचेचे दर्शनी भाग घराची भट्टी करतात.

म्हणून महापालिकेने बांधकाम परवानगी देताना रस्त्याची रुंदी आणि अग्निशमन बंबाची वाट काटेकोर तपासावीच. शिवाय रस्त्यालगत दुकाने, बसायला कट्टा आणि कडुनिंबाची सावली यांचाही आग्रह धरावा. पार्किंगच्या बंद शटरांसमोरून संध्याकाळी एकटीने चालत जाणाऱ्या मुलीला वरच्या खिडक्यांचा आधार वाटत नाही.