बाप व्हायला चालतो, बाळ धरायला नाही!

'लग्न लावून द्या, पोरगं सुधारेल.' बीड-परभणीकडच्या पारांवर ही थाप अजून छातीठोकपणे मारली जाते. पोरगं अठरा-एकोणिसाचं, शाळा सुटलेली, हातात मोबाइल. बांधा बाशिंग! नवरी त्याहून लहान. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणीतल्या २० ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली.

वर्षभरात पाळणा हलतो. आता जबाबदारी यायची ना? पोरगं बाळ उचलायला वाकलं की आजी कडाडते, 'ठेव खाली! मान लचकंल त्याची. तुला काय कळतंय?' काय कळतंय? संसार कळावा म्हणूनच घोड्यावर बसवला होता ना त्याला? मग शिकवा की मान कशी सावरायची, ढेकर कशी काढायची! सोळा वर्षांच्या सुनेला तरी हे कुठे कळत होतं? तिला मात्र ओल्या अंगानं सगळं आलंच पाहिजे.

जबाबदारीचं हे सगळं प्रवचन खोटं आहे. खरं कारण ऊसतोडीच्या मुकादमाच्या वहीत सापडतं. जोडपं म्हणजे एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा. जोडीवर आगाऊ पैशांची उचल भरभक्कम मिळते. घरच्यांना बाप नको होता, उरलेला अर्धा कोयता हवा होता.

फडात जाऊन बघा. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, बांधावरच्या झोळीत पोर. ते रडलं की हातातलं काम टाकून तिनंच धावायचं. हा दोन पावलं तिकडे वळला की बाप्ये खिदळतात, 'बायकोचा बैल!' पहाटेपासून ऊस तोडणाऱ्या गड्याचं पौरुष एका ओल्या दुपट्यानं वाहून जातं? इतकं तकलादू असेल तर जाऊ द्या वाहून.

सरकारी खाक्याही तसाच. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा एकविसाच्या आतल्या मुलाला बालक म्हणतो आणि अठरा ओलांडून त्यानं अल्पवयीन मुलीशी लग्न केलं तर त्यालाच दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतो. शिक्षा असावीच. ती मुलगी कुणाच्या उचलीचं तारण नाही. पण लग्न लावणारे आणि ते होऊ देणारे आईबाप यांनाही हाच कायदा गुन्हेगार ठरवतो. त्या कलमांची धूळ कोण झटकणार? आई अठराच्या आतली असेल तर बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 'पॉक्सो' कायद्याखाली दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून बाळंतपणाच्या दिवशी पोरगा गायब होतो आणि अक्षता टाकणारी मंडळी बाकावर बसून त्याच्या बेजबाबदारपणावर तोंडसुख घेतात.

पुढे कधी लसीच्या दिवशी तो कार्ड घेऊन अंगणवाडीच्या दारात आलाच, तर त्याला 'आईला पाठव' म्हणून परत फिरवू नका. बाळ त्याच्याच हातात द्या. टोचल्यावर ते रडेल, तेव्हा त्यालाच थोपटू द्या. आणि आजीला बाहेर बसवा.