मुलांच्या सायकलींची नोंद शाळेने ठेवावी



वाहतुकीचे नियम आपण वर्गात शिकवतो. लाल दिवा, हिरवा दिवा, झेब्रा क्रॉसिंग. चित्रं छान रंगवून होतात. पण आपल्या कवठे महांकाळ तालुक्यात कुची, शिरढोण, नागज या भागातलं पोर सायकल काढतं ते रत्नागिरी-नागपूर महामार्गावर. तिथे त्याची गाठ ट्रकशी आणि उसाच्या ट्रॅक्टरशी. म्हणून त्याला डावी कड सोडू नये, वळताना हात दाखवावा, डबलसीट नको, अंधारात दिवा आणि मागे रिफ्लेक्टर हवा, हे आधी शिकवायला हवं. तेही मैदानात, सायकलवर बसवून.

दुसरा धडा मात्र आपण शिकवतच नाही. सायकल हरवली किंवा चोरीला गेली तर काय करायचं?

पूर्वी पुण्यासारख्या शहरांत सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. दिवा नसला तर पोलीस अडवायचे. लोकांना तो जाच वाटायचा, पण त्यामुळे सायकलची कुठेतरी नोंद व्हायची. आज मोटारसायकलला मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे नंबर असतो, साध्या सायकलला नाही. म्हणजे ती आपली आहे हे आपणच सिद्ध करायचं.

त्यात १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र धरली आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. कोवळ्या वयात चुकलेल्याला तुरुंगात न टाकणं मला पटतं. पण अदखलपात्र म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आणि गरिबाच्या पोराची जुनी सायकल नेमकी याच किमतीत बसते!

म्हणून "जाऊ दे, जुनीच होती" असं म्हणून गप्प बसू नका. एवढं करा :

१) सायकल उलटी करून फ्रेम नंबर शोधा. तो बहुधा पायडलच्या दांड्याखाली किंवा सीटखालच्या नळीवर ठोकलेला असतो. त्याचा आणि सायकलचा फोटो काढा.
२) दुकानाची पावती जपा. मालकी आणि किंमत, दोन्हीला तोच पुरावा.
३) सायकल गेली की त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. एनसी झाली तरी तिची प्रत मागून घ्या.
४) मधूनमधून ठाण्यात चौकशी करा. जप्त वस्तूचा मालक सापडला नाही तर न्यायालय जाहीर सूचना काढू शकतं, आणि हक्क सांगायला सहा महिने मिळतात. नंबरच माहीत नसेल तर समोर उभी असलेली सायकलही आपली म्हणता येत नाही.

शाळांनी काय करावं? जूनमध्ये एक साधी वही घालावी. मुलाचं नाव, सायकलचा रंग, कंपनी, फ्रेम नंबर. खर्च शून्य. मुलांनीच नंबर शोधून लिहिले तर तो परिसर अभ्यासाचा तासही होईल.

चौथी-सातवीनंतर पुढची शाळा अनेकदा दुसऱ्या गावात असते. सायकल गेली की आधी मुलीची शाळा बुडते, आणि मग "कशाला पाठवायची एवढ्या लांब" हे घरात सुरू होतं. तेवढ्यासाठी तरी ही वही हवीच.